केडगावची वाट : पंडिता रमाबाई यांचे प्रवास

रायपूरहून पुण्याला निघालेली आझाद हिंद एक्स्प्रेस दौंड सोडून पुढे आली, की वाटेत केडगाव नावाचे एक लहान स्थानक मागे पडते. त्या वेळी प्रवासी सामानाच्या आवराआवरीत असतात, मुलांना उठवण्याची घाई चालू असते. फलकाकडे लक्ष जाण्याचे काही कारण नसते. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्नकार्यासाठी या मार्गाने पुण्याला गेले असतील. १८९७ साली आपल्याच प्रांतातल्या उपाशी, आजारी मुलींचे जथे आगगाडीने त्याच दिशेला गेले होते आणि त्यांचा प्रवास अखेर याच केडगावात संपला होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. रायपूर त्या काळी मध्यप्रांतात होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांताची दैना केली होती. त्या मुलींना घेऊन जाणारी अडतीस वर्षांची विधवा बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव शाळेच्या पाठ्यपुस्तकात समाजसुधारकांच्या यादीत येते आणि तिथेच राहते. त्यांच्या विद्वत्तेविषयी, स्त्रीशिक्षणाविषयी आणि धर्मांतराच्या वादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्यांच्या प्रवासांकडे पाहायचे आहे. त्यांचे सारे आयुष्य वाटेवर घडले. ईश्वरावर भरवसा टाकणे म्हणजे काय, हे त्या एखाद्या मठात बसून शिकल्या नाहीत. फसलेल्या, अडलेल्या आणि उपाशीपोटी पार पडलेल्या प्रवासांतच त्यांना ते उमगत गेले.

त्यांचा पहिला प्रवास वयाच्या सहाव्या महिन्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. त्या काळी हे मोठे धाडस होते, आणि त्यापायी धर्मसभेपुढे उत्तरही द्यावे लागले. पुढे त्यांनी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवांची सगळी जमा संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत ठेवून डोंगरावरून खाली आणले गेले. त्यानंतर या कुटुंबाला कायमचे घर असे लाभले नाही. देवळाच्या आवारात शास्त्रीबुवांनी पुराण सांगावे, ऐकणाऱ्यांनी दक्षिणा, धान्य ठेवावे, त्यातला मोठा वाटा पुन्हा दानधर्मात जावा आणि मंडळींनी पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमाबाईंची शाळा म्हणजे ही वाट, आणि त्यांची शिक्षिका त्यांची आई. पहाटे इतर कामे सुरू होण्यापूर्वी लक्ष्मीबाई मुलीकडून श्लोक पाठ करून घेत. बारा-पंधरा वर्षांच्या वयात हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर कधीच नव्हती. आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी अंकात हे लिहिताना थोडी गंमत वाटते.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. या घरातील माणसांना शास्त्राखेरीज दुसरे काही येत नव्हते आणि मजुरी करण्याची किंवा हात पसरण्याची सवय नव्हती. होते नव्हते ते दागिने, भांडी, वस्त्रे विकली गेली. देव प्रसन्न व्हावा म्हणून अनुष्ठाने, उपासतापास, दाने चालूच होती. शेवटचा दाणा संपल्यावर कुटुंब मरणाच्या तयारीने रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, पाला व थोडी रानटी खजुरे यांवर राहिले. अनंतशास्त्री दृष्टी गमावून बसले होते, थकले होते. पवित्र तळ्यात देह टाकण्याचा त्यांनी निश्चय केला होता. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला. पांडित्याची लाज बाजूला ठेवून आपण मजुरी करू, असे त्याने सांगितले. कुटुंब रानातून गावाकडे वळले. पण उशीर झाला होता. १८७४ मध्ये अनंतशास्त्री वारले. धाकट्या लेकीला जवळ घेऊन त्यांनी तिला प्रामाणिकपणे जगण्याविषयी आणि ईश्वराला न सोडण्याविषयी सांगितले, ही आठवण रमाबाईंनी जन्मभर जपली. काही आठवड्यांनी रायचूरला आई गेली. भुकेने व्याकूळ झालेल्या आईसाठी शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागताना रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. स्मशान दूर होते आणि खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडल्याने तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

भाऊ आणि बहीण उरली. तरीही त्यांनी यात्रा सोडली नाही. दक्षिणेतून निघून उत्तरेला काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला कलकत्त्यापर्यंत ही दोघे सुमारे चार हजार मैल पायी फिरली. कधी धर्मशाळेत निजायचे, कधी झाडाखाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी हिवाळ्याची रात्र आली तेव्हा अंगावर पांघरूण नव्हते. त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत पडून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. अशा रात्री काढलेल्या माणसाला देवाविषयी सोपी उत्तरे पुरत नाहीत, हे उघड आहे.

याच भ्रमंतीतला एक प्रसंग त्यांच्या पुढच्या आयुष्यावर मोठा प्रकाश टाकतो. हिमालयाकडील एका तळ्यात सात तरंगते पर्वत असल्याची ख्याती होती. यात्रेकरू निष्पाप असेल तर ते पर्वत त्याच्या जवळ येतात, पापी असेल तर दूरच राहतात, अशी समजूत. पाण्यात सुसरी आहेत म्हणून पुजारी कोणाला आत उतरू देत नसत. श्रीनिवासाने मात्र पहाटे, कोणी पाहत नसताना पोहत जाऊन शोध केला. पर्वत म्हणजे तराफ्यांवर थापलेली माती आणि वर लावलेली झाडे. मागून त्यांना ढकलणारी माणसे पुजाऱ्यांचीच. या दोघा भावंडांनी सारी दाने, सारे उपवास ज्या विश्वासावर केले होते, त्याला इथे तडा गेला. त्या दिवसापासून त्या नास्तिक झाल्या, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. देव आहे की नाही हा प्रश्न त्यांना पडला नव्हता; देवाच्या नावाने माणसे काय करतात, हा प्रश्न त्यांना त्या तळ्याकाठी पडला, आणि पुढे कोणत्याही धर्माच्या पुरोहिताला त्यांनी तो विचारायचा सोडला नाही.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. काल धर्मशाळेच्या कोपऱ्यात निजणाऱ्या मुलीला आज सभांची निमंत्रणे येऊ लागली. ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यालाही ती दोघे गेली. प्रार्थनेच्या वेळी सारेजण खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले. या लोकांचा देव म्हणजे खुर्ची असावी, अशी दोघांची समजूत झाली. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी ही आठवण लिहून ठेवली आहे. विनोदबुद्धी त्यांना कधी सोडून गेली नाही, हे त्यांच्या गंभीर छायाचित्रांवरून कळत नाही.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. शेवटच्या आजारात त्याला एकच काळजी होती, ती बहिणीची. आपल्या दोघांची काळजी घेणारा ईश्वराशिवाय कोणी नाही, असे रमाबाईंनी म्हणताच त्याच्या मनातली भीती गेली. इथे थोडे थांबावेसे वाटते. ही बहीण या वेळी ख्रिस्ती नव्हती आणि रूढ अर्थाने श्रद्धाळूही उरली नव्हती. तरी मरणाऱ्या भावाला धीर देण्यासाठी तिच्याजवळ हाच एक शब्द होता.

त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्यांचा बहिष्कार आला. आसामकडे सिल्चरला त्यांचा संसार थाटला. तिथे घरच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. धर्मग्रंथ असा अवचित हाती येण्याची आणखी एक कथा आपल्याच परिसरातली आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत टिळक ख्रिस्ती झाले. रमाबाईंच्या बाबतीत मात्र सगळे इतक्या चटकन घडले नाही. त्या वाचत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे अशी मागणी केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या उत्पन्नातून इंग्लंडच्या प्रवासाची तजवीज केली. एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या मुंबईहून बोटीत बसल्या. डॉक्टर व्हायचे हा हेतू होता. तो सिद्धीस गेला नाही, कारण त्यांना ऐकू येणे कमी झाले होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडमध्ये आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, या धक्क्यातून सावरत त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. इकडे इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनाही ही शिष्या सोपी गेली नाही. मुक्तपणे वाचण्याचा आणि शंका काढण्याचा आपला हक्क सोडायला त्या तयार नव्हत्या. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच कबूल केले, की त्या वेळी त्यांनी धर्म स्वीकारला होता, पण ज्याच्यावर भार टाकावा असा ख्रिस्त त्यांना अजून सापडायचा होता.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या लिव्हरपूलहून अमेरिकेला निघाल्या. आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होणार होत्या आणि ११ मार्चच्या पदवीदान समारंभाला हजर राहायचे होते. ऐन हिवाळ्यातला अटलांटिक खवळलेला होता. पाच वर्षांचीही नसलेली मनोरमा बरोबर. वादळांतून बोट कशी हेलकावे खात गेली याचे वर्णन रमाबाईंनी आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात केले आहे. समारंभाला थोडेच दिवस राहिले असताना त्या पोहोचल्या. थोड्या मुक्कामासाठी गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले, आणि पॅसिफिकमार्गे, जपान करून, १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईला परतल्या. ११ मार्चला चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या दोन धारा अशा एका मुलीपाशी येऊन मिळतात.

पुण्याला हलवलेल्या शारदा सदनावर १८९३ मध्ये संकट आले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. संस्था धर्मनिरपेक्ष राहील या भरवशावर मुली पाठवणाऱ्या पालकांना हे रुचले नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली आणि अनेक मुली परत नेल्या गेल्या. यात पालकांची तक्रार अगदीच निराधार होती, असे आज म्हणता येत नाही. आपल्या प्रार्थनेचे दार आपण का लावावे, ही रमाबाईंची बाजूही समजते. दोन प्रामाणिक बाजूंचे असे भांडण मिटत नाही. ते मिटलेही नाही.

१८९६ च्या सुमारास रमाबाई लोणावळ्याला ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधरांचे पंधरापट व्हावेत, अशी प्रार्थना त्यांनी केली. म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात इतक्या मुलींना जागा नव्हती, आणि त्यांना खाऊ घालण्याइतका पैसाही नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या.

या बातम्या वाचून आपण लगेच निघालो, असे रमाबाईंनी सांगितले असते तर ते ऐकायला छान वाटले असते. प्रत्यक्षात त्या कचरल्या. हाती पैसा नाही, जागा नाही, आधीच संस्थेवर शंकेची नजर, ही सगळी कारणे खरी होती. पण त्यांना आपली बावीस वर्षांपूर्वीची भूक आठवत होती. दुष्काळात तरुण मुलीवर कोणते प्रसंग येतात आणि आईबाप मेल्यावर तिला कोण उचलून नेते, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. पैसा येईपर्यंत थांबायचे की निघून मग पैशाची वाट पाहायची, हा निर्णय होता. त्या निघाल्या.

तो प्रवास धर्मप्रचारकाच्या दौऱ्यासारखा आखीव नव्हता. सरकारी मदतकामे, अनाथांच्या छावण्या, रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेली माणसे, असे त्या पाहत फिरल्या. कडाक्याची थंडी आणि अंगावर चिंध्या. हाडांचे सापळे झालेली मुले. छावण्यांतून मदत मिळत होती, पण एकट्या पडलेल्या मुलींना तिथेही धोका होता. त्यांना फूस लावून नेणारे लोक आसपास घोटाळत होते. रमाबाईंनी अशाच मुली व तरुण विधवा निवडून गोळा करायला सुरुवात केली. सगळ्या आनंदाने आल्या, असे नाही. ख्रिस्ती लोक मुलींना खाऊ घालून पुष्ट करतात आणि मग उलटे टांगून त्यांच्या डोक्यातले तेल काढतात, अशा अफवा दुष्काळाच्या त्या वर्षांत पसरल्या होत्या. पोटात अन्न नसलेली मुलगीही त्या भीतीने पळून जाई. ज्या आल्या त्यांच्या अंगावर फोड होते, उवा होत्या, जुलाब होते. मिळेल ते लपवून ठेवण्याची आणि दुसरीच्या हातचे ओढून घेण्याची सवय लागलेली होती. अशा मुलींना आगगाडीच्या डब्यात बसवून शेकडो मैल न्यायचे, ठिकठिकाणी गाडी बदलायची, आजारी मुलींना सांभाळायचे. वाटेत कोणी दगावली, कोणी हरवली, तर जाब कोणाला द्यायचा? आपल्याकडून सहलीला चाळीस मुले नेताना शिक्षकांची काय त्रेधा उडते, हे पालकांना माहीत आहे. इथे चाळीस नव्हत्या. टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली आल्या, आणि त्यांतल्या कित्येकींना उभे राहण्याचीही ताकद नव्हती.

त्या पुण्याला पोहोचतात न पोहोचतात तोच पुण्यात प्लेग शिरला. शहरात इतक्या मुलींना एकत्र ठेवता येणार नाही, असा अधिकाऱ्यांचा हुकूम आला. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली आता साथीच्या तोंडाशी उभ्या, आणि जायला जागा नाही. काही वर्षांपूर्वी रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. दहा वर्षांची अमेरिकन मदत १८९८ मध्ये संपणार होती; पुढे सदनाला फळबागेचे उत्पन्न असावे, एवढाच त्यामागे हेतू होता. तिथे राहण्याजोग्या इमारती नव्हत्या. झाडांची रोपे, विहीर आणि मोकळे माळरान. मुली तिकडे गेल्या, तंबूंत आणि गवती छपरांखाली राहू लागल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. कोणी आखलेल्या योजनेतून ते उभे राहिले नाही. पुण्याचे दार बंद झाले म्हणून उभे राहिले.

सगळे निभावले असे मात्र नाही. त्यांची एक मुलगी प्लेगच्या सरकारी रुग्णालयात नेली गेली आणि तिथल्या गैरव्यवस्थेत ती आपल्या हातची गेली, अशी रमाबाईंची तक्रार होती. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात हे उघडपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. रमाबाईंना सरकारची मर्जी हवी होती, ख्रिस्ती जगताचा पैसा हवा होता, आणि तरी एका अनाम मुलीसाठी त्यांनी दोन्ही पणाला लावले. ईश्वरावर हवाला ठेवणारी माणसे पुष्कळदा झाल्या गोष्टीला त्याची इच्छा म्हणून गप्प बसतात. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या मुलीचे काय झाले याचा जाब त्यांनी देवाला विचारला असेल तर ते आपल्याला कळायला मार्ग नाही. सरकारला मात्र त्यांनी तो जाहीरपणे विचारला.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. दहा वर्षांचा हिशेब दिला आणि नवी मंडळी उभी करून परतल्या. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. तो छत्तीसगढमध्येही भयंकर होता, आणि गुजरातेत तर गुरे-माणसे सरसकट मेली. पुन्हा रमाबाईंच्या सहकारी निघाल्या, पुन्हा आगगाडीचे डबे भरून मुली आल्या. केडगावला आता सुमारे दोन हजार माणसे झाली. पाऊस नव्हता. दोन विहिरींचे पाणी बांधकाम, जनावरे आणि एवढी माणसे यांना संध्याकाळपर्यंत संपून जाई, आणि सकाळी पाहावे तो दिवसापुरते पाणी पुन्हा साचलेले असे. रमाबाईंनी याला ईश्वराची देणगी म्हटले. भूगर्भशास्त्रज्ञ झऱ्यांविषयी काही सांगेल. दोघांचेही खरे असू शकते. विहिरीच्या काठावर दोरी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला त्या सकाळी पाणी हवे होते.

मुक्ती सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण मिळाले आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या. यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही असतील. भुकेल्याला अन्न देणाऱ्याने त्याच्या धर्मात हात घालावा का, हा प्रश्न विचारण्याजोगाच आहे. त्याचबरोबर हेही नोंदले पाहिजे, की या मुलींना तिथे वाचणे-लिहिणे, विणकाम, छपाई, शेती, दूधदुभते अशी पोटापाण्याची कामे शिकवली गेली. अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग होता आणि मनोरमाबाईंनी परदेशात ब्रेल शिकून येऊन ती लिपी त्यांना शिकवली. ज्यांना त्या काळात कोणीच शाळेत घेतले नसते, त्यांची ही शाळा होती.

उतारवयात रमाबाई प्रवासाला फारशा बाहेर पडल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतप्रचुर भाषेत वाढलेल्या या पंडितेने आपल्या मुलींना कळेल अशी सोपी मराठी शोधण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घालवली, आणि ते केडगावच्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी जुळलेल्या खिळ्यांतून छापले गेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तान्ही असल्यापासून आईबरोबर समुद्र ओलांडलेली, तिच्या पश्चात संस्था चालवायची म्हणून तयार झालेली ही मुलगी चाळिशीत वारली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. भाषांतराची मुद्रिते तपासायची राहिली होती. तेवढे काम पुरे होईपर्यंत वेळ मिळावा, एवढेच त्यांनी मागितले, असे तिथे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला तेव्हा शेवटची मुद्रिते तपासून झाली होती.

त्यांना केडगावलाच पुरले. मुक्ती सदन अजून तिथे आहे, स्थानकापासून फार दूर नाही. मात्र लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नसल्याने, जायचे असल्यास दौंडला उतरून पुण्याकडची लोकल धरावी लागते.